मुंबई, पाच जण आणि पंधरा हजार

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सेलूला राहतो, जिल्हा परभणी. मिस्टरांचं शिलाईचं दुकान आहे, मी घरी फॉल-पिको करते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा, आणि सासूबाई सत्तरच्या. सासूबाईंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. दिवाळीनंतर चार दिवस मुंबईला जायचं ठरवलंय. पंधरा हजार बाजूला टाकलेत, त्यापेक्षा जास्त जमणार नाही. मुलांनी यादी केली आहे : गेटवे, घारापुरी, राणीची बाग, मत्स्यालय, एस्सेलवर्ल्ड, जुहू, शाहरुखचा बंगला, सिद्धिविनायक, हाजी अली, चौपाटी. शेजारीण म्हणते, पंचवीस हजारांच्या खाली मुंबई होतच नाही. खरं आहे का?

उत्तर : मुंबई होईल. यादी होणार नाही.

माझं माहेर अंबाजोगाईचं. १९७९ साली लग्न होऊन ठाकुरद्वारच्या चाळीत आले, दोन खोल्यांत. त्यानंतर एकतीस वर्षं दर मे महिन्यात आमच्या गॅलरीत मराठवाडा झोपलेला असायचा. सासरचे, माहेरचे, माहेरच्यांच्या शेजारचे. त्या सगळ्यांचे पैसे कुठे जातात हे मी जवळून बघितलंय. तिकिटांत फारसे कधीच गेले नाहीत. गेले ते दुपारी तीननंतर. सकाळी उत्साहात चार ठिकाणं केलेली असतात, मग धाकटं रडायला लागतं, म्हातारीचे पाय सुजतात, लोकलमध्ये शिरायची कुणाचीच हिंमत उरत नाही. मग टॅक्सी, मग समोर दिसेल त्या हॉटेलात शिरणं, मग पोरांना गप्प करायला आइस्क्रीम. हजार रुपये तासाभरात जायचे, आणि रात्री गॅलरीत नवरा-बायकोची कुजबुजत भांडणं व्हायची, ती वेगळी.

म्हणून आधी यादीला कात्री लावू. एस्सेलवर्ल्ड बंद झालंय. तारापोरवाला मत्स्यालयही बंद आहे. शाहरुखच्या बंगल्याचं फाटक दिसतं, फाटकाबाहेर तुमच्यासारखेच दोनशे लोक दिसतात, आणि वांद्र्याला जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो. जुहू त्याहून लांब. समुद्र तोच आहे, गिरगावात पाहा. हाजी अलीचा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो, तेव्हा वेळ जुळवत बसावं लागतं. हेही यावेळी सोडा.

घारापुरी मात्र विचार करून सोडा. लेणी सुंदरच आहेत, १९८७ पासून जागतिक वारशात आहेत. पण लाँचचं जाऊन-येऊन भाडं पाच जणांचं हजाराच्या पुढे जातं, वर शंभराहून जास्त पायऱ्या, आणि तुमच्याबरोबर सत्तरीच्या सासूबाई. खरं सांगू का, पोरांना लेण्यांपेक्षा बोटीतच जास्त रस असतो. बोट तर आपण स्वस्तात देऊ.

दिवसही चार नकोत, तीन करा. बुधवारी रात्री निघा, गुरुवार-शुक्रवार-शनिवार मुंबई, शनिवारी रात्री परत. दोन रात्री गाडीत गेल्या की राहण्याचा खर्च फक्त दोन रात्रींचा उरतो. शिवाय यात सोमवार नाही (मुंबईत बरंच काही सोमवारी बंद), मंगळवार नाही (सिद्धिविनायकाची रांग), बुधवार नाही (राणीची बाग बंद). आणि रविवार नाही, हे फार महत्त्वाचं. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी काही मार्ग काही तास बंद. ज्या मार्गावर असेल तिथे दुपारी गाड्या कमी आणि सगळ्या स्लो किंवा सगळ्या फास्ट. आम्हा मुंबईकरांनाही तो सकाळी पेपरात बघूनच घराबाहेर पडावं लागतं.

देवगिरी एक्सप्रेस तुमच्याच मार्गावरून जाते, सकाळी सीएसएमटीला आणून सोडते. स्लीपरचं तिकीट माणशी तीनशेच्या आसपास धरा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा त्याच दिवशी सकाळी काढा. दिवाळी संपल्यासंपल्या गाड्या भरलेल्या असतात, म्हणून आठवडा जाऊ द्या. सात वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतलात तर पूर्ण तिकीट पडतं, बर्थ न घेता अर्धं. रात्रभराच्या प्रवासात पूर्णच घ्या, नाहीतर तो तुमच्या अंगावर झोपेल आणि मुंबईचा पहिला दिवस तुमची मान दुखण्यात जाईल. सासूबाईंना रेल्वेत आता ज्येष्ठांची सवलत मिळणार नाही, ती २०२० पासून बंद आहे.

राहण्याचं बघू. पहिला प्रयत्न सीएसएमटी किंवा दादर स्टेशनच्या रिटायरिंग रूमचा. कन्फर्म तिकिटाचा पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर बुकिंग होतं, खोल्या आणि डॉर्मिटरी दोन्ही असतात, आणि जास्तीत जास्त ४८ तास राहता येतं. तुम्हाला नेमके तेवढेच हवेत. मिळणं नशिबाचं, पण तिकीट हाती आलं की लगेच बघा. दुसरा प्रयत्न तुमच्या समाजाच्या भवनाचा. परभणीतल्या बहुतेक समाजांपैकी कुणाचं ना कुणाचं मुंबईत वसतिगृह किंवा धर्मशाळा असते; गावातल्या जाणत्यांना विचारा, पत्र घेऊन जा. तिसरा, लॉज. मध्य रेल्वेच्या स्टेशनजवळचंच घ्या, दादर किंवा ठाणे. पाच जणांना एक मोठी खोली, दिवसाला दोन हजार धरून चला.

मोबाइलवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवू नका. माझ्या भाचीने एका लॉजला असेच तीन हजार पाठवले. पत्त्यावर पोचली तर तिथे चपलांचं गोडाऊन, आणि शटरला कुलूप. तिघी बायका बॅगांवर बसून होत्या, शेवटी रात्री साडेदहाला माझ्याकडे डोंबिवलीला आल्या. खोली बघायची, खिडकी आहे का, संडास आतला की बाहेरचा, पाणी किती वाजेपर्यंत, हे विचारायचं, मगच पैसे द्यायचे.

गुरुवार. सीएसएमटीला उतरलात की वेटिंग रूममध्ये तोंडं धुवा, सामान क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप हवं, नसेल तर ठेवून घेत नाहीत; घरूनच दोन साधी कुलपं आणा. मग स्टेशनाबाहेर येऊन रस्ता ओलांडा आणि मागे वळून बघा. बघायची पहिली गोष्ट तीच, फुकट. १८८८ साली पूर्ण झालेली ती इमारत आपण आयुष्यभर गाडी पकडायच्या घाईत नुसती ओलांडतो. दगडातली माकडं, मोर, पानं मुलांना शोधू द्या. माझ्या मुलाने एकदा चोवीस प्राणी मोजले होते, नंतर कबूल केलं की चार त्याने मनाने घातले.

तिथून नरिमन पॉइंटकडे जाणारी दुमजली एसी बस मिळाली तर वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. एसी बसचं कमीत कमी तिकीट १२ रुपये, साध्या बसचं १०. तेवढ्या पैशात यापेक्षा चांगला झोपाळा मुंबईत नाही. मग गेटवे. तिथे फोटोवाले मागे लागतील. मान हलवायची, थांबायचं नाही. कबुतरांना दाणे टाकायचेच नाहीत.

एक हिशेब सांगते, तो कुणी सांगत नाही. टॅक्सीचं मीटर दीड किलोमीटरपर्यंत ३१ रुपये. साध्या बसची तुमची तीन पूर्ण आणि दोन अर्धी तिकिटं मिळून चाळीस. म्हणजे जवळच्या अंतराला, धाकट्याला मांडीवर घेऊ देणारा टॅक्सीवाला भेटला, तर टॅक्सी स्वस्त पडते. अशा वेळी सासूबाईंना उगाच चालवू नका. लांबच्या अंतराला मात्र लोकलच. रिक्षा दक्षिण मुंबईत नाहीच, ती वांद्रे-शीवच्या पुढे.

दुपारी दोनच्या आत खोलीवर जा आणि झोपा. नोव्हेंबरातही मुंबईची दुपार चिकट असते. मुलं म्हणतील झोपायला आलोय का. हो म्हणा. संध्याकाळी साडेपाचला परत बाहेर, फक्त मरीन ड्राइव्ह. सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो. सासूबाईंना कठड्यावर बसवा आणि कुणीही त्यांना काही दाखवू नका, समजावून सांगू नका. माझ्या आईने पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा ती वीस मिनिटं गप्प होती आणि मग म्हणाली, "हे रात्री बंद करत नाहीत का?"

शुक्रवार. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. सीएसएमटीहून तिसरं स्टेशन, तिकीट पाच रुपये. आई-बाबा आणि दोन मुलं अशा चौघांना शंभर रुपयांचं एकत्र तिकीट मिळतं, ते मागून घ्या; सासूबाईंचं वेगळं. सकाळी उघडल्या उघडल्या जा, वाघ तेव्हाच फिरताना दिसतो, दुपारी नुसती शेपूट. पेंग्विनच्या घरात गारवा असतो, तिथून मुलांना ओढून काढावं लागेल. बाजूच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे, तो नक्की दाखवा. घारापुरी बेटावरचा हत्ती तो. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. म्हणजे बेटावर न जाता बेटाचा हत्ती बघून झाला. उद्यानात काळा घोडाही आहे, ज्याच्यावरून फोर्टातल्या काळा घोडा चौकाला नाव पडलं. पुतळा १९६५ साली इथे हलवला, नाव तिकडेच राहिलं.

दुपारी परत झोप. संध्याकाळी सिद्धिविनायक. आता तिथे भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, सीएसएमटीहून थेट, जिना सरकता, गाडी थंड. मुलांना ती एक फेरी द्याच. त्याच मार्गावर गिरगाव नावाचं स्टेशन लागेल. आमची चाळ तिच्या कामातच गेली. तिथून जाताना मुलांना म्हणा, उत्तर लिहिणाऱ्या ताईंचं घर वर होतं.

देवदर्शन झालं की दादर. शिवाजी पार्कला चक्कर, चैत्यभूमीला नमस्कार (६ डिसेंबरच्या आसपास येत असाल तर गर्दीचा अंदाज ठेवून या), आणि मामा काणे किंवा प्रकाशकडे साबुदाणा वडा, पियूष. यापुढे पोटात जागा राहिली तर रात्रीचं जेवण म्हणून वडापाव. जेवणाचं एकूण गणित सोपं ठेवा : सकाळी पोहे-चहा टपरीवर, दुपारी एक राइस प्लेट दोघांत, रात्री हलकं. घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाजणीचे वडे आणा, पहिला दीड दिवस त्यावर निघतो. भूक लागल्यावर हॉटेल शोधायचं नाही, लागण्याआधी खायचं. माणशी दिवसाला अडीचशे पुरतात.

शनिवार. सकाळी बोट. सीएसएमटीहून हार्बरच्या गाडीने डॉकयार्ड रोडला उतरा, तिथून भाऊचा धक्का. भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, त्यांच्या नावाने तो धक्का ओळखला जातो. इथून उरणच्या मोरा बंदराला लाँच सुटते. कामाला जाणारे लोक, मासळीच्या टोपल्या, कुणाची सायकल, आणि दोन्ही बाजूंना मोठमोठी जहाजं. गेटवेच्या बोटीपेक्षा खूप स्वस्त आणि माझ्या मते जास्त मजेची. मोऱ्याला उतरा, चहा प्या, परत या. जायच्या आधी एवढंच विचारा की ओहोटी कधी आहे. मोऱ्याला गाळ फार, खूप ओहोटी असली की लाँच धक्क्याला लागत नाही आणि मग तासन्‌तास बसून राहावं लागतं. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, सासूबाईंनी लुगड्यावरून सुद्धा.

दुपार झाली की मुक्काम सोडा, सामान परत क्लोकरूममध्ये. चारला चर्नी रोड. आधी गावदेवीतलं मणिभवन, गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की इथेच उतरत. छोटं घर आहे, मुलीला बाहुल्यांनी मांडलेले प्रसंग आवडतील. मग टेकडीवर कमला नेहरू पार्क, तिथला म्हातारीचा बूट. टेकडी चढायला टॅक्सी, इथे कंजूषपणा नको. अंधार पडता पडता गिरगाव चौपाटी, भेळ, आणि आठच्या आत सीएसएमटी. गाडी नऊनंतर आहे म्हणून आठला चौपाटीवर रेंगाळू नका.

आता लोकल. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, पण भीती तिचीच असणार.

सकाळी आठ ते अकरा सीएसएमटी-चर्चगेटकडे जाणारी गाडी आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ तिथून सुटणारी गाडी, या दोन तुमच्या नाहीत. उलट दिशेच्या तुमच्या. म्हणूनच खोली शक्यतो सीएसएमटीला मिळवा, मग सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट जाता. दादरला असाल तर गुरुवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हहून मेट्रोनेच परत या, आणि शुक्रवारी सकाळी भायखळ्यासाठी अकरानंतर निघा. वाघ झोपलेला दिसेल, इलाज नाही. दहा किलोमीटरपर्यंत तिकीट पाच रुपये. खिडकीवर तीन दिवसांचं पर्यटक तिकीटही मिळतं, पण मी सांगितलेल्या फिरण्यात ते परवडत नाही, सुटं काढा. फर्स्ट क्लासचा डबा ओळखायला शिका. माझे दीर १९९४ साली डबा मोकळा दिसला म्हणून ऐटीत चढले आणि माटुंग्याला टीसीच्या मागे उतरले. त्यानंतर ते मुंबईला आले नाहीत, पत्र पाठवायचे.

तुम्ही, सासूबाई आणि दोन्ही मुलं लेडीज डब्यात. लहान मुलगा चालतो. मिस्टर शेजारच्या जनरल डब्यात. कुठल्या स्टेशनला उतरायचं ते चढायच्या आधी सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं. आणि हा नियम घरीच पाठ करून या : चुकामूक झाली, तर जो फलाटावर राहिला तो तिथेच उभा राहील, एक पाऊल हलणार नाही. जे गाडीत गेले ते पुढच्या स्टेशनला उतरून परत येतील. दोघांनी एकमेकांना शोधायला निघायचं नाही. आमच्या नणंदेचा मुलगा करी रोडला राहिला होता. नणंद मागे आली, तो पुढच्या गाडीने पुढे गेला, असं तीनदा झालं. मुलांच्या खिशात मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवा, आणि फक्त तुमचा नको, मिस्टरांचाही.

हिशेब : गाडी ३२००, राहणं दोन रात्री ४०००, खाणं ३७५०, मुंबईतलं फिरणं १०००, तिकिटं ५००, बोट ६००. झाले १३,०५०. उरलेले जवळजवळ दोन हजार दोन पाकिटांत करा, एक मिस्टरांकडे, एक सासूबाईंच्या कनवटीला. सासूबाईंचं पाकीट परत येईल.

प्रश्न : आमचे चुलत दीर मुंबईत परळला राहतात. वन रूम किचन आहे. आम्ही चौघं त्यांच्याकडे पाच दिवस राहिलो तर चालेल का? हॉटेलचा खर्च वाचेल. – एक वाचक, वर्धा

उत्तर : "या ना" असंच ते म्हणतील. मीही एकतीस वर्षं तेच म्हणत होते.

दोन रात्री राहा, पाच नको. उरलेल्या रात्री दुसरीकडे. जाताना बाकरवडी आणि पेढे नेऊ नका, त्यांच्या ओट्यावर ते ठेवायला जागा नसते. पाच किलो गहू किंवा तूरडाळही नको, आता तिथे सगळं मिळतं. पहिल्याच संध्याकाळी वाण्याकडे स्वतः जा आणि दूध-भाजी-गॅसचा अंदाज घेऊन सामान भरा. पैसे हातात देऊ नका, घेणार नाहीत आणि अवघडतील. पाणी सकाळी किती वाजता येतं ते विचारा आणि घरातले कामावर जाईपर्यंत मोरीत जाऊ नका. सकाळची ७.४२ची लोकल कुणाची तरी ठरलेली असते. ती तुमच्या आंघोळीमुळे चुकली तर तोंडावर कुणी बोलणार नाही, पण दहा वर्षं लक्षात ठेवतील. आणि "रविवारी आम्हाला फिरवा" हे वाक्य काढू नका. आठवड्यातला तो एकच दिवस ते लोकलमध्ये चढत नाहीत.

प्रश्न : जुलैमध्ये मुंबईत लॉज स्वस्त मिळतात असं ऐकलं. पावसात मुलांना घेऊन गेलं तर? – एक वाचक, नागपूर

उत्तर : पाऊस बघायला जात असाल तर जा, समुद्र बघायला नको. मोठ्या भरतीच्या दिवशी चौपाटीवर उतरू देत नाहीत, आणि देऊ नयेच. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे, फुगलेले, जेलीफिशसारखे प्राणी येतात, मुलं हमखास हात लावतात, डंख वाईट असतो. बोटी हवेवर अवलंबून. सलग मुसळधार आणि भरती एकत्र आली की लोकलचे रूळ पाण्याखाली, मग तुम्ही जिथे असाल तिथेच मुक्काम.

तरी जायचंच ठरलं, तर संग्रहालयांचे दिवस करा : फोर्टातलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. परतीच्या गाडीला एक दिवस मोकळा ठेवा. छत्र्या नेऊ नका, रेनकोट न्या. ओली छत्री घेऊन गर्दीच्या लेडीज डब्यात चढलात तर काय ऐकावं लागतं ते इथे छापता येणार नाही.